कट्ट्यावरून चढायची मोटारसायकल

मंगळवार, दिनांक ९, सकाळी सात वाजून वीस मिनिटे.

ही वेळ नीट वाचून ठेव.

चि. लंबू यास ताईचे आशीर्वाद. (नेहमीपेक्षा थोडे कमी पाठवते आहे, कारण खाली येईलच.) ऑपरेशन झालेला गुडघा कसा आहे? जिना उतरताना अजून आवाज करतो का? तुझी बायको तुला रोजचा व्यायाम करायला लावते ना? तिला माझे आशीर्वाद सांग, तिचे पूर्ण आहेत. माझी तब्येत उत्तम. रक्तदाब मंगळवारपर्यंत उत्तम होता.

वर लिहिलेल्या वेळी तुझा मेकॅनिक टेम्पो घेऊन आला आणि आमच्या इमारतीच्या पार्किंगमधून तुझी ती सुपरमोटो मोटारसायकल उचलून घेऊन गेला. मी खिडकीतून विचारले, तर म्हणाला, "साहेब म्हणाले, ताईंना फार त्रास होतोय. शनिवारी गिऱ्हाईक येतंय." मी एका पायात चप्पल घालून खाली पोचेपर्यंत टेम्पो कोपऱ्यावर वळला होता. पार्किंगमध्ये तेलाचा एक डाग उरला आहे. तो मी पुसलेला नाही.

आता, मी दर रविवारी फोनवर तक्रार करत होते हे खरे. त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. चिखलात उड्या मारायच्या मोटारसायकलला डांबरी रस्त्याची रुंद गुळगुळीत चाके लावायची, म्हणजे गमबुटांना नाचाच्या बुटांचे तळवे ठोकण्यातला प्रकार. बसायची जागा म्हणजे इस्त्रीच्या फळीची कड. टाकी एवढीशी, की पेट्रोल पंपावरची बाई मला आता घरचे कसे आहेत म्हणून विचारते. आरशात मागचे सगळे जग हुडहुडी भरल्यासारखे दिसते. सामान ठेवायला जागा नाही. पाठीवरच्या पिशवीतून किलोभर टोमॅटो आणले, ते घरी पोचले तेव्हा त्यांचे सूप व्हायला फक्त मीठ कमी होते. आणि उंची! ती गाडी तुझ्यासारख्या उंटासाठी केलेली आहे. मी तिच्यावर बसले की माझे दोन्ही पाय हवेत लोंबकळतात, दंतवैद्याच्या खुर्चीत बसवलेल्या पोरासारखे.

(हो, बसले. तो भाग पुढे.)

पण लंबू, तू जन्मापासून माझा भाऊ आहेस. आपल्या घरात तक्रार म्हणजे काय हे तुला अजून कळू नये? आई आयुष्यभर बाबांबद्दल तक्रार करत होती. म्हणून कुणी बाबांना न्यायला टेम्पो पाठवला नाही.

तर बसण्याचा भाग. डॉक्टरांनी तुला बंदी घातली आणि तू गाडी माझ्याकडे ठेवलीस, तेव्हा तुझा मेकॅनिकच म्हणाला होता, बॅटरी उतरू नये म्हणून अधूनमधून सुरू करा. केली. सुरू केलेली गाडी नुसती धडधडत ठेवली, तर दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाई गॅलरीत येतात. म्हणून ती फाटकापर्यंत नेली. फाटकात वळवायला जागा नव्हती, म्हणून रस्त्यावर गेले. गिअरची स्कूटर मी नोकरीभर चालवली आहे, त्यामुळे पुढचे आपोआप झाले. हाडांच्या वॉर्डची मेट्रन म्हणून मी जन्मभर मोटारसायकलवरून पडलेली माणसे प्लास्टरमध्ये पाहिली, आणि प्रत्येकाला नेमके कुठे चुकलास ते विचारून घेतले. एवढी तयारी करून गाडीवर बसलेले तुझ्या ओळखीत दुसरे कोण आहे?

प्रश्न फक्त चढण्या-उतरण्याचा होता. तो मी सोडवला. बागेच्या कट्ट्याला गाडी लावायची, कट्ट्यावर उभे राहायचे आणि तिथून बसायचे. थांबायचे तेही अशाच ठिकाणी, जिथे डाव्या हाताला उंच फुटपाथ आहे. त्यामुळे गावातला प्रत्येक फुटपाथ मला उंचीसकट पाठ आहे. ग्रंथालयासमोरचा उत्तम, बँकेसमोरचा खचलेला. (बँकेत मी आता जात नाही.) एकदाच फसले. मोठ्या चौकात भर मधल्या रांगेत लाल दिवा लागला आणि टेकायला काहीच नाही. हाताशी वाहतूक पोलीस होता, त्याचा खांदा धरला.

तो म्हणाला, "आजी, खाली उतरा."

मी म्हटले, "उतरता येत असतं तर तुम्हाला कशाला धरलं असतं? दिवा हिरवा करा."

त्याने केला. जाताना मी आभार मानले. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांची शिकवण.

त्यावरून आठवले. शाळेत सिस्टर तीनच गोष्टी सांगायच्या: पाठ ताठ, गुडघे जुळलेले, नजर समोर. ही गाडी चालवायची पद्धत शब्दशः हीच आहे. गुडघ्यांनी टाकी धरायची, ताठ बसायचे आणि जिकडे जायचे तिकडे बघायचे, की गाडी आपली आपण कलते. पाण्याच्या टाकीपाशी रस्ता दुहेरी वळतो ना, तिथे ती डावीकडे आणि लगेच उजवीकडे अशी वळते, जणू माझ्या मनातले तिला आधीच कळले होते. आणि एवढ्या उंचावरून मोटारींची टपे दिसतात. सगळी धुळकट. मोठमोठ्या मोटारींचीसुद्धा.

खरे सांगू का, निवृत्त झाल्यापासून मला भेटणारा प्रत्येक जण माझे कोपर धरतो. रस्ता ओलांडताना, पायरीवर, लिफ्टमध्येसुद्धा. ज्यांना मी कुबड्यांवर चालायला शिकवले तेही धरतात. तुझ्या गाडीने कधी माझे कोपर धरले नाही. उलट लक्ष चुकले तर पाडीन, असा तिचा सरळ हिशेब. माझ्याशी इतके सरळ वागणारे आता दुसरे कुणी उरलेले नाही.

तेव्हा शनिवारचे गिऱ्हाईक रद्द कर. तसे केल्याचे मला लेखी कळव, शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत. फोन नको. फोनवर तू हसतोस.

तुझी,
ताई

ता. क. मेकॅनिक म्हणतो, गाडी दोन बोटे खाली करून देतो. मी नको म्हटले. एवढे फुटपाथ पाठ केले ते काय उगीच?

ता. क. २. मेकॅनिक हे कधी म्हणाला, असे तू विचारशील. काल. गाडी चालवून बघायची आहे, असे त्याच्या गॅरेजमध्ये जाऊन सांगितले. "कोण बघणार?" म्हणाला. मी त्याचे पाने ठेवायचे खोके बाजूला ओढले, त्यावर चढले आणि माझ्याकडची दुसरी किल्ली लावली. तो अजून मी परत यायची वाट बघत असेल. त्याला कळव.

ता. क. ३. हे पत्र टपालाने आलेले नाही. आज सकाळी तुमच्या दारात जो धडधडाट झाला आणि तू वैतागून खिडकी लावून घेतली असशील, तेव्हाच ते पत्रपेटीत पडले. तुमचा फुटपाथ छान आहे. रविवारी नेहमीप्रमाणे तक्रारीचा फोन करीन, त्यावर काहीही करू नकोस. मुदत मात्र शुक्रवार पाचचीच. उत्तर आले नाही तर गाडी माझी झाली असे समजेन. आले तरी तेच समजेन, पण लेखी असलेले बरे.