एकही हरकत आली नाही

दादा,

गरिबांच्या आरोग्य विम्याचे नियम तुझ्या खात्यानं बदलले आणि डायलिसिसच्या रुग्णांना घरून नेणारी गाडी बंद झाली. मसुदा तुझाच. परवा फोनवर तू म्हणालास, "रीतसर सुनावणी ठेवली होती. एकही हरकत आली नाही."

कशी येईल? सुनावणी ठेवलीस मंगळवारी सकाळी, राजधानीत. मंगळवारी सकाळी ती सगळी माणसं मशीनला जोडलेली असतात. आपली आईसुद्धा. तिचे वार तुला पक्के ठाऊक आहेत, त्या दिवशी तू फोन करत नाहीस.

आता शिवणकाम टाकून मीच तिला दोन बस बदलून नेते. येताना ती उभ्या गर्दीत माझ्या खांद्यावर डोकं टाकते.

"गाडी का गं येत नाही?" तिनं विचारलं. बिघडली आहे, म्हणाले.

"मग दादाला सांग की. त्याच्याच खात्याची ना? एका फोनचं काम."

हे पत्र पाठवलं, तर तू तिलाच फोन करशील आणि ती तुझीच समजूत काढेल. म्हणून ते शिलाई मशीनच्या खणात राहील.

हरकत असलेली,
तुझी धाकटी बहीण