गच्चीवरच्या चादरी

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघा कुरकुरतोय आणि तरी दहा-दहा तास औषधांच्या दुकानात उभी असतेस. साऱ्या गावाला गोळ्या देणार, स्वतः मात्र एकही घेणार नाहीस. इकडे सगळे बरे आहेत.

आता मुद्द्याचं. हे पत्र मी तीनदा फाडलं. गावावरच्या बॉम्बहल्ल्यात गेलेल्यांच्या यंदाच्या स्मरणसभेला सासऱ्यांना घेऊन यावं म्हणतो. ते त्यांच्या देशाकडून लढाईत होते एवढंच तुला ठाऊक आहे. ते विमानात होते, ताई. नकाशा आणि घड्याळ बघून बॉम्ब कधी सोडायचे ते सांगणं, हे त्यांचं काम. आपल्या गावावर आलेल्या विमानांपैकी एकात ते होते. लग्नानंतर दोन वर्षांनी मला हे कळलं आणि पुढची वीस वर्षं मी तोंडाला कुलूप लावून बसलो. आता ते सत्त्याऐंशीचे झाले. भाषण नको, मानपान नको, नुसतं येऊ द्या म्हणतात.

सभेच्या समितीची चिटणीस तू. तू नको म्हणालीस तर विषय संपला. आईला यातलं अक्षरही कळू देऊ नकोस. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा,
सोन्या


ता. १२ फेब्रुवारी

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद सवयीने लिहिले. हाताशी असतास तर कानच उपटला असता, पन्नाशी उलटली असली तरी! ज्यांना व्याही म्हणून मी आग्रह करकरून वाढलं, ते हे? आजीचं आणि दहा महिन्यांच्या मामाचं नाव आपण वाचायचं आणि या गृहस्थांनी ते ऐकायचं? चांभारकाकांचं तर अख्खं घर त्या संध्याकाळी गेलं. त्यांना कळलं तर काय होईल, याचा विचार केलास?

मी साफ नाही म्हणणार होते. पण तुझं पत्र नेमकं आईच्या हाती पडलं. चष्मा लावून तिने ते दोनदा वाचलं. आता डॉक्टरांना बोलवावं लागतं की काय, म्हणून मी उठून उभी राहिले. ती म्हणाली की त्यांना आणा, मला एक विचारायचं आहे. मग तिने जे सांगितलं ते आपल्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

तेव्हा ती आठ वर्षांची. वरून पांढरं दिसेल असं काही बाहेर ठेवायला बंदी होती. गच्चीवरच्या चादरी अंधारायच्या आत काढून आण, असं आजीने तिला बजावलं होतं. ती खेळात रमली आणि विसरली. संध्याकाळी घर पडलं. ही जिन्याखाली होती म्हणून वाचली. चादरी बघूनच त्यांनी आपलं घर हेरलं, असं ती आजवर मानत आली आहे. आपल्याकडे कपडे कायम घरातच का वाळतात, ते आता कळलं. सभेत नावं वाचायला ती कधी उभी राहिली नाही, तेही त्याचमुळे. आणि आपण समजत होतो, तिचा घसा नाजूक.

तेव्हा घेऊन ये. पण कान उघडे ठेवून ऐक. दुभाषी तूच असणार. ते काहीही सांगोत, तू आईला 'दिसत नव्हतं' असंच सांगायचं. तिचं काळीज आता धक्के सोसण्यासारखं नाही. यात कसूर झाली तर पुन्हा तुझं तोंड बघणार नाही.

तूर्त तरी तुझीच,
ताई


ता. ३१ मार्च

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही जाऊन तीन दिवस झाले. मी तुझ्याशी अबोला धरला, तुझ्या सासऱ्यांना साधं पाणीही विचारलं नाही, याची आता थोडी लाज वाटते. थोडीच. ते म्हातारे गृहस्थ कोण, असं चांभारकाकांनी विचारलं तेव्हा मी आमचे व्याही म्हणून सांगितलं. खोटं नव्हतं, तरी जीभ अडखळली.

तुम्ही तिघं बसला होतात त्या खोलीतून आई बाहेर आली, कुणी पुकारायच्या आत माईकपाशी गेली आणि तिने दोन्ही नावं वाचली. तिचा तसा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. तेव्हापासून ती चार घास खाते, खिडकीशी बसते. विचारलं तर हाताने थांब म्हणते. माझा जीव थाऱ्यावर नाही.

आत काय झालं? मी सांगितलं तेच तू बोललास ना? खरं काय ते लिही.

ताई


ता. ७ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

खरं तेच लिहितो. तू बाहेर खुर्च्या मांडत होतीस. आई त्यांच्या समोर ताठ बसली आणि तिने विचारलं की गच्चीवरच्या चादरी दिसल्या होत्या का. मी खोटं ओठांवर तयार ठेवलं होतं. ते लागलंच नाही.

ते म्हणाले की ढग होते. घरं नाहीत, रस्ते नाहीत, खाली काहीच दिसत नव्हतं. घड्याळात ठरलेली वेळ भरली आणि त्यांनी सोडा म्हणून सांगितलं. मी शब्दाला शब्द सांगितला. मला वाटलं, आता हिच्या मनावरचा धोंडा उतरेल. तर तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने विचारलं की म्हणजे कुणी बघितलंसुद्धा नाही? त्यांनी नुसती मान हलवली. त्याचं भाषांतर करावं लागलं नाही. आई म्हणाली की आपलं घर कुणी निदान पाहिलं तरी असेल, असं मला वाटत होतं. मग ती उठली.

परतीच्या गाडीत ते एकदाच बोलले. तुझ्या आईने मला क्षमा केली का, असं विचारलं. विचारून कळवतो, म्हणालो. तूच तिला विचार. तेवढं माझ्यासाठी कर.

सोन्या


ता. १५ एप्रिल

व्याहीबुवांस,
सा. न. वि. वि.

तुमचा प्रश्न मुलीने मला विचारला. उत्तर मीच देते. सोन्याने हे तुमच्या भाषेत जसंच्या तसं वाचून दाखवावं, गोड करू नये.

माझी आई आणि तान्हा भाऊ माझ्यामुळे गेले, असं मी सहासष्ट वर्षं समजत होते. तसं नव्हतं, हे सांगायला तुम्ही या वयात एवढ्या लांब आलात. न येऊन चाललं असतं. आलात, याचे उपकार मानते. गेला आठवडाभर मला शांत झोप लागते आहे.

पण दोष माझा नव्हता म्हणजे कुणाचाच नव्हता, असं मी मानणार नाही. इतकी वर्षं तो मी वागवला. आता ज्याचा त्याला परत करते आहे.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहायची आमची रीत. या खेपेला हात धजत नाही. पुढच्या वर्षी या. लोकांना काय सांगायचं ते माझं मी बघेन. माझ्या माणसांची दोन नावं यंदा मी वाचली, पुढच्या वर्षी तुम्ही वाचायची आहेत. सोन्याकडून आतापासून घोटून घ्या. एकही अक्षर चुकलेलं मला चालणार नाही.

सोन्याची आई