डॉरिसबरोबर हरणाच्या शिकारीला

बुध., १४ नोव्हें. ८४
हो म्हणून बसले. लॅबमध्ये डबा खाताना डॉरिसने विचारलं, शनिवारी हरणाच्या शिकारीला येतेस का. दरवर्षी ती नि तिचा नवरा अर्ल जायचे. अर्लच्या किडन्या गेल्यापासून त्याचं डायलिसिस, आठवड्यातून तीनदा. एकटीने रानात जायचं नाही असं त्याने तिला बजावलंय. "तुला बंदूक धरायची नाही, हनी. नुसती बस माझ्याजवळ."
नाही कसं म्हणणार? या देशात आल्यापासून हिनेच सांभाळलंय. रोज सकाळी मला नि प्रज्ञाला गाडीतून नेते, प्रज्ञाला शाळेत सोडून मग आम्ही लॅबमध्ये. मला गाडी शिकवतेय तीही हीच.

शुक्र., १६
मिलिंद चिडलाय. "आपल्या लेकीकडून पंचशील म्हणवून घेतेस आणि शिकारीला जातेस?" मी मारणार नाही म्हटलं. "बघणार तर आहेस." खरी भीती त्याला वेगळीच. रानात बंदुका घेतलेले गोरे लोक, त्यांच्यात मी. ते बोलला नाही. माझ्यासाठी भडक नारिंगी टोपी मात्र घेऊन आला, लांबून माणूस म्हणून ओळखू यावं म्हणून.


शनि., १७

उजाडताना पोचलो. अर्लच्या भावाचं रान. ओकला टेकून बसलो. डॉरिस सारखी हळूच विचारायची, "काय दिसतंय?" खार. "आता?" काही नाही. मला वाटलं, शिकवतेय.
बऱ्याच वेळाने समोरच्या झुडपांत तपकिरी काहीतरी हललं. डॉरिसने बंदूक खांद्याला लावली. आधी मलाही हरीणच वाटलं. मग ते उभं राहिलं. जाकीट. बुटाची नाडी बांधून उठलेला माणूस. दोन्ही हातांनी नळी खाली दाबली.
"काय केलंस! पळालं ना ते!"
"डॉरिस, माणूस आहे तो."
"कुठे?"
तो उघड्यावरून चालत निघाला होता. आम्हाला बघून हातसुद्धा केला त्याने. ती त्याच्याकडेच तोंड करून विचारत होती, कुठे.
मग तिने गोळ्या काढून खिशात टाकल्या. "डावा डोळा गेल्या वर्षीच गेला. उजव्यात मधोमध धुरकट डाग. कडेकडेचं दिसतं."
"आणि गाडी?"
"रस्ते पाठ आहेत."
"माझी मुलगी असते त्या गाडीत!"
ती रडत म्हणाली, "लायसन्स गेलं तर अर्लला कोण नेणार? त्यालाही माहीत नाही. कुणाला सांगू नकोस, हनी. प्लीज."
येताना मी चालवली. माझ्याकडे नुसतं लर्नर परमिट, लायसन्सवाली ती, शेजारी. समोरून ट्रक आला की घाम.
मिलिंदने विचारलं, मिळालं का हरीण? नाही म्हटलं. खूश झाला.

रवि., १८
जेवण गेलं नाही. प्रज्ञा सारखी मागे, "आई, डिड यू सी अ डिअर? नॉट ईव्हन वन?"
एकेक आठवतंय. लॅबमध्ये बाटल्यांवरची लेबलं माझ्याकडून वाचून घेते, "तुझे डोळे तरुण आहेत." मागच्या महिन्यात शाळेजवळ गाडी फुटपाथवर चढली होती. तिघी केवढ्या हसलो. हसलो!
मिलिंदला सांगितलं तर तो तडक अर्लला फोन करेल. करायलाच हवा. पण मग डायलिसिसचं? त्यांना मूलबाळ नाही. चुकलं तर अर्ल किती दिवस...
संध्याकाळी मीच फोन लावला, तिच्याशी बोलायला. अर्लने उचलला. "डॉरिस म्हणते, तुझी नजर शिकाऱ्याची आहे!" हसत होता. मीही हसले. काय करणार.

सोम., १९, लॅब
प्रज्ञाला स्कूलबसने धाडलं. मिलिंदला सांगितलं, बसची सवय व्हायला हवी. डॉरिस आली तशी तिच्या बाजूच्या दाराशी जाऊन उभी राहिले. ती शेजारच्या सीटवर सरकली, गाडी मी घेतली. वाटेत म्हटलं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी येते सोबत. "थँक्सगिव्हिंगनंतर बघू." आणि आज अर्लला कोण नेतंय? "शेजारचा क्लाइड. मलाही लॅबवरून तोच घेऊन जाणार. गाडी राहू दे लॅबवरच." इतकं हलकं वाटलं की तिचा हात हातात घेतला.
जेवणाच्या सुट्टीत ती गेली. तेव्हा कामात होते. आत्ता खिडकीतून पाहिलं, पार्किंगमध्ये तिची गाडी नाही.
क्लाइडच्या घरी फोन लावला. त्यानेच उचलला.
"आज तुम्ही अर्लला..."
"का? काय झालं अर्लला?"
काही नाही म्हणून ठेवला.
डायलिसिसवाल्यांचा नंबर दोनदा लावला. एंगेज. पोचले का, एवढंच विचारायचंय. तिथपर्यंत हायवे आहे. आणि परत यायचंच आहे.
पोलिसांना लावू? काय सांगू? हिरव्या गाडीत एक बाई आहे, समोरचं दिसत नाही तिला, शेजारी आजारी नवरा आहे, त्यांना थांबवा. आणि तुम्ही कोण, विचारलं तर?
मैत्रीण.