स्टेअरिंगवरची माळ

आबा,

नातीला लिहायला बसवलंय. ती माझं बोलणं शुद्ध करून लिहिते, म्हणून राग जरा इस्त्री केलेला वाटेल; तरी ओळखाल तुम्ही. मला अक्षर शिकवलं नाहीत, वायरींचे रंग तेवढे शिकवलेत. नवरा गेल्यावर वडूजहून माहेरी आले, तेव्हा सांगलीतल्या तुमच्या मोटार वायरिंगच्या दुकानात करंट तपासायचा टेस्ट लॅम्प हातात देऊन म्हणालात, "रडत बसू नगंस, ह्यो धर." तेवढ्यासाठी तुमचे पाय धुऊन प्यायले असते. पण मग दसऱ्यानंतर त्या हळदीच्या व्यापाऱ्याची गाडी आली.

पांढरी मोटार. डावीकडं वळवली की हॉर्न आपोआप बोंबलायचा. व्यापारी रडकुंडीला आलेला, "आवं, फुडचा सायकलवाला खाली उतरून शिव्या देतोय!" तुम्ही हॉर्न बदललात, रिले बदललात आणि कपाळाला हात लावून बसलात. मी स्टेअरिंगखाली आडवी झाले. हॉर्नची वायर खालून सोडवली, बोंब थांबली. जोडली, चाक डावीकडं फिरवलं, पुन्हा सुरू. म्हणजे खोट वरच, स्टेअरिंगमध्ये. बघते तर चाकावर दसऱ्याच्या पूजेची माळ अजून तशीच. आपल्याकडं ती आपोआप गळेपर्यंत कोण काढतंय? तिच्यातली जरीची तार सुटून चाकामागच्या फटीत शिरलेली. चाक वळलं की ती आत ताणायची, हॉर्नच्या तांब्याच्या कडीला आणि लोखंडाला एकदम टेकायची. बटण दाबल्यासारखंच ते.

"आबा, घावलं!" म्हणत मी माळेला हात घालते, आणि तुम्ही सगळ्यांदेखत ओरडता, "हात लावू नगंस! पूजेची हाय ती." मागच्या सीटवर व्यापाऱ्याची बायको. तीच म्हणाली, "असू द्या की वो, काढू दे तिला. तिनंच हुडकलंय न्हवं?" परकी बाई! आणि माझा बाप म्हणतो, "न्हाई वैनी, कुकू पुसलेलं हाय तिचं. उगं तुमच्या गाडीला कायतरी लागायचं." स्वतः माळ उतरवलीत, तार ओढून काढलीत, हात झटकलेत.

अहो, त्याच हातानं मी सकाळी बॅटरीत पाणी घातलं होतं. त्याच हातची भाकरी दुपारी मागून घेतलीत. तेव्हा नाही लागलं काही? का भाकरीला हॉर्न नव्हता म्हणून कळलं नाही?

जेवताना म्हणालात, "गिऱ्हाइकाचं मन राखाय लागतंय." मी म्हटलं, "त्याची बायकू तर काढू दे म्हणत हुती." तुम्ही ताक प्यायलात. मी साताऱ्याला निघून आले, स्टँडजवळ वायरिंगची टपरी टाकली. वर्षभरानं तुम्ही एकदाच आलात. बाकड्यावर बसून माझं काम बघितलंत, एका गिऱ्हाइकाला सांगितलंत, "लेक हाय माझी." मला वाटलं, आता माझ्याशीही काही बोलाल. चहा संपला. "यष्टी चुकंल," म्हणालात आणि टोपी सारखी करून निघालात. पुढं महिन्याभरात जगातूनच गेलात. भांडण तेवढं माझ्याकडं ठेवून.

नात विचारते, "आजी, वाचून दाखवू?" नको म्हटलं. धाडायचं तरी कुठं? आणि खरं सांगू, तिनं वाचलं की मी विरघळेन, निम्मं खोडायला लावेन. बाकड्यावरनं उठताना तुम्ही गुडघ्यावर हात टेकला होता. मला आज ते आठवायचं नव्हतं.