दारावरच्या पाटीविषयी

श्रीयुत शुभंकर यांस,

नोकरी सोडून स्वतंत्र सल्लागार होताना आपण म्हणाला होतात, "आता मी घरीच असेन." त्या वाक्याचा अर्थ मी अजून लावते आहे.

छपराखालच्या लोखंडी सांगाड्याला सांगलीकडे कैची म्हणतात, हे मान्य. पण आपल्या पाटीवरचा 'सल्लागार' जयपूरला कळत नाही आणि 'कैची' फारच कळते. सकाळी शास्त्री नगरचे एक शिंपी मास्टरजी दोन कात्र्या ठेवून गेले. "बहनजी, भैया से कहना, धार ज़रा बारीक रखें." कात्र्या फ्रिजवर आहेत. परत कराव्यात, पाटी बदलावी. त्यांच्यामागून आलेल्या गृहस्थांनाही मी परत पाठवत होते, पण त्यांना खरोखरच गोदामाचं छप्पर उभारायचं आहे. उद्या सकाळी येतील. आपलं पहिलं गिऱ्हाईक. अभिनंदन.

आपण सीतापुऱ्याच्या कारखान्यांत काम शोधत फिरता आणि मी येणाऱ्याला "साहब साइट पर हैं" असं शुद्ध हिंदीत सांगते. सगळे आपली चौकशी माझ्याकडे करतात. मी ती कोणाकडे करावी, हे पाटीवर लिहिलेलं नाही.

वरण गरम करून घ्यावं. मी विद्यापीठातून परस्पर दुर्गापुरा स्टेशनवर जाईन. गाडी आज संध्याकाळी सहाची आहे. पुण्यात हस्तलिखितांचं काम महिनाभर चालेल.

सहाच्या आधी ये रे. बोलायला काही नसलं तरी चालेल. गाडी येईपर्यंत फलाटावर नुसता माझ्या शेजारी उभा राहा.

मीनाक्षी