कमलची आई वर्गात

डोंगरकडा, ६ ऑगस्ट १९७४
कमल आजही शाळेत आली नाही! घंटा झाली की पोटात कळ. शाळा भरून गेली की भाकर मागते. तिसरीतली पोरगी — अन् बाप त्याच शाळेत गुरुजी!
दुपारी मेंढ्यावाल्या मसाजीला, पोरगं शाळेत घाल म्हणून समजावलं. भाषण झकास झालं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "व्हय गुर्जी. पर तुमची पोरगी काहून दिसंना?"

८ ऑगस्ट
शेजारच्या भागाबाई औंढ्याचा अंगारा आणते म्हणाल्या. आम्ही असलं मानत नाही, ताठ मानेनं सांगितलं. डॉक्टरकडे नेलं. पोटात काही नाही म्हणे. टॉनिक दिलं. कमलला चव आवडली. कळ तशीच.

९ ऑगस्ट
उचलूनच नेली. सगळी गल्ली बघत होती. शाळेच्या फाटकाचा गज धरला तो सोडीचना. हात गार, अंग घामानं भिजलेलं. हे सोंग नाही. परत आणली.
मागून हेडमास्तर — "गुरुजी, गावाची हजेरी वाढवायला निघालात ना?"

११ ऑगस्ट, रविवार
पोट दुखलं नाही. अर्थातच.
कमलची आई, जनका, भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमी नुसतं जा-जा करून राहिले. काहून जात न्हाई, हे इचारलं का लेकराला?"
तिनं विचारलं होतं. उन्हाळी सुटीच्या तोंडावर पोटातलं बाळ गेलं, जनकाला घाईनं नांदेडला दवाखान्यात हलवलं. कमल शाळेत होती. आली तर दाराला कुलूप. तिला सांगायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. तेव्हापासून तिला वाटतं — आपण शाळेत गेलो की आई नाहीशी होते.
बालमानसशास्त्राच्या पेपरात मला सर्वांत जास्त मार्क होते!

१३ ऑगस्ट
जनकालाच वर्गात बसवलं, कमलजवळ. बाई जन्मात शाळेची पायरी चढलेली नव्हती. हेडमास्तर म्हणाले, नियमात बसत नाही. जनका पदर सावरून म्हणाली, "पोरगी घरी बसती, ते बसतं का नियमात?"
कमलनं आईचं लुगडं मुठीत धरून ठेवलं. पण बसली! सुटेपर्यंत बसली!

२२ ऑगस्ट
जनका आता मागच्या भिंतीपाशी. पोरं सांगतात, कमलपेक्षा तिची आईच जोरात पाढे म्हणते.

६ सप्टेंबर
जनका बाहेर, ओट्यावर. कमल मान वळवून बघते. आई दिसते. परत फळ्याकडे. आज बराच वेळ बघायची विसरली. मी माझा वर्ग सोडून खिडकीतून हेच बघत होतो. माझ्या वर्गात नुसता गोंधळ!

१६ सप्टेंबर
कमल मैत्रिणीसंगं निघून गेली. "आई, तू नको येऊ आता." वळूनसुद्धा पाहिलं नाही!
आनंदानं घरात आलो. जनका धुतलेलं लुगडं नेसून, पाटी छातीशी धरून उंबऱ्यात उभी.
"आता म्या काय सांगून जाऊ शाळंत?"