बाबांच्या चालीचा चौथा भाग

जेरुसलेम,
रविवार, ३ मार्च १९६८

प्रिय आन्शेल,

अनेक आशीर्वाद. हैफाच्या बंदरातलं काम ठीक चाललं असेल. मी बरी आहे. अकरा वर्षांनी पत्र पाहून दचकू नकोस, कुणी मेलेलं नाही.

अजून शब्बाथला दोन पाव मांडते. एकटीला अर्धाही संपत नाही, उरलेले शेजारणीच्या कोंबड्या खातात. काल संध्याकाळी प्रार्थनाघरात वर, बायकांच्या जाळीमागे बसले होते. खाली पुरुषांनी बाबांची चाल धरली, तीच, शब्द नसलेली, याय-दाय-दायची. तीन भाग झाले आणि सगळे थांबले. त्यांना वाटतं, चाल तिथेच संपते.

ती तिथे संपत नाही.

तू दाढी-टोपी टाकून गेलास, त्या हिवाळ्यात बाबांनी चौथा भाग बांधला. म्हणायचे फक्त स्वयंपाकघरात, मी पावाची कणीक मळत असताना. "हा आन्शेलचा. आधी त्याला शिकवीन, मग बाकीच्यांना." शेवटच्या आजारात म्हणाले, "पेरल, बोलाव त्याला." मी हो म्हटलं आणि पत्र टाकलंच नाही. वर सांगितलं, टाकलं, उत्तर नाही. राग आला होता रे. उष्टं-खरकटं काढायला मी, आणि चाल तुझ्या नावाची. जळले मी. तुला तार केली तीही दफन उरकल्यावर.

आता तो भाग एकट्या माझ्यापाशी आहे. सूर कागदावर उतरवायचे आपल्यात कुणाला येत नाही, आणि परक्या पुरुषांपुढे बाईनं गायचं नाही. नवरा गेला, मूलबाळ नाही. काल शेवटी प्रार्थनाघराचे कारभारी मेनाशे यांना सगळं सांगून टाकलं.

"भाऊ आहे ना? बहिणीचं गाणं भावाला चालतं," ते म्हणाले. "त्याला शिकवा, आम्ही त्याच्याकडून घेऊ."

"तो शब्बाथच्या पवित्र दिवशीही सिगारेट ओढतो," मी म्हटलं.

"ओढू दे. कान शाबूत आहेत ना?"

बरी आहे लिहिलं, ते खरं नाही. घशात गाठ आहे. मंगळवारी, बारा तारखेला कापणार. आवाज राहील असं डॉक्टर म्हणत नाहीत.

मला माफ करू नकोस हवं तर. आलास की बोलूही नकोस. नुसता बस आणि ऐक.

सोमवारपर्यंत आवाज असलेली तुझी ताई,
पेरल